पस्तीस मिनिटांचा पहारा

देवळाच्या पायरीवर बसून गावच्या पोरांनी मोबाईलवर चोवीस भागिले सात केलं. काचेवर आकडे उमटले, ३.४२८५७१४२९. एकजण म्हणाला, "आजोबा, झालं बघा." मी वाकून काचेवर बघितलं.

शेवटचा तो नऊ खोटा होता. तिथं आठ हवा. आठानंतर पाच, मग सात, मग एक, आणि मग पुन्हा चार, दोन, आठ. मोबाईलची जागा संपली म्हणून त्यानं शेवटच्या आकड्याला जरा फुगवलं आणि हात झटकले. माझ्यापेक्षा शहाणाच म्हणायचा. मी फुगवलं नव्हतं, कापलं होतं.

दरवर्षी सप्ताहाच्या आदल्या दिवशी मी नगरहून गावी येतो. आता देवळाला फरशी आहे, पंखे आहेत, सभामंडपात फिनेलचा वास येतो. तरी डोळे मिटून भिंतीला टेकलं की दहा मिनिटांत फिनेल मागं सरतं आणि जुना वास वर येतो: करपलेल्या वातीचा, बुक्क्याचा, घामानं भिजून वाळलेल्या उपरण्यांचा. त्याच्या मागून एक वास येतो तो मला नको असतो. तो तापलेल्या मातीवर सांडलेल्या पाण्याचा.

दशांश अपूर्णांकांशी माझी ओळख पारनेरच्या हायस्कुलात झाली. ओळख कसली, धास्तीच. आम्हाला गणिताला एक सर होते. बारीक, काटकुळे, कोटाच्या दोन्ही खिशांत खडू. बोलताना हात खिशात घालायची सवय, त्यामुळं कोट कायम पीठ मळल्यासारखा. ते फळ्यावर भागाकार मांडायचे आणि बाकीला पाहुणा म्हणायचे. "सातानं भागतोयस. बाकी काय काय उरू शकेल? एक ते सहा. म्हणजे पाहुणे सहाच. सातवा दारात आला, की तो आधी येऊन गेलेलाच असणार. आणि तो आला की त्याच्यामागं सगळी वरात पुन्हा तशीच येणार." मग ते खिशातून हात काढून सांगायचे की कुठलाही अपूर्णांक घ्या, त्याला दोनच वाटा. छेदात दोन आणि पाच सोडून कुणी नसेल, तर भागाकार कुठंतरी संपतो. दुसरं कुणी घुसलं, की तो फिरत राहतो. याला म्हणायचं परिमेय संख्या. तिसरी वाट नाही.

मी उभा राहून विचारलं, की सर, ज्या संपतही नाहीत आणि फिरतही नाहीत, त्यांचं काय? सर म्हणाले, "त्या पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षी सरांची बदली झाली. माझं अर्धं आयुष्य त्या पुढच्या वर्षाची वाट बघण्यात गेलंय.

पण सरांवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यातला मी नव्हतो. एका सुट्टीत घरी ओसरीवर, आईनं नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर, कोळशानं एक भागिले सतरा करायला बसलो. शेणाचा ओला, गोडसर वास, कोळशाचा चर्र आवाज, आणि आकडे आपले चाललेत. शून्य, पाच, आठ, आठ, दोन... ओसरी अर्धी भरली तरी जुना पाहुणा परत येईना. वाटलं, हा परतच आला नाही तर? सरांचं म्हणणं चुकलं तर? आकडे ओसरी उतरून, अंगण ओलांडून, पांदीनं निघून गेले तर त्यांना वळवून कोण आणणार? शेवटी उंबऱ्यापाशी बाकी एक उरली, पहिलाच पाहुणा परत आला, तेव्हा मी तिथंच घामानं थबथबून बसलो. आईनं येऊन बघितलं आणि दुसऱ्यांदा सारवायला घेतलं. पोतेरं माझ्या पायावरूनही फिरवलं.

मॅट्रिकला गणितात मला इतके मार्क पडले की इंग्रजीत नापास झाल्याचं कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. गावात मी हिशेबी माणूस झालो. मी घरीच होतो. आणि ते दुष्काळाचं साल होतं.

त्या सालचा रंग मला अजून दिसतो. रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या भाकरीचा तांबूस रंग, तसलंच आभाळ, तसलाच रस्ता. तलावाच्या कामावर दगड फोडणाऱ्यांचा आवाज वाऱ्याबरोबर गावात यायचा, टक् टक् टक् टक्, जणू कुणी दिवसभर दार वाजवतंय आणि उघडायला घरात कुणी नाही. आणि एके सकाळी आठव्या आळीच्या गाड्या निघाल्या.

गावाला आळ्या आठ. आठवी ओढ्याच्या बाजूची. जनावरं सगळ्यात जास्त त्यांच्याकडं. ते सगळे गोदावरीकडं, पुणतांब्याच्या बाजूला, कुणा सोयऱ्यांच्या मळ्यावर निघाले. तिकडं पाटाला पाणी होतं म्हणे, आणि जनावरांना उसाचं वाढं होतं. गाड्यांवर कणग्या, कोंबड्यांची खुराडी, उलटी बांधलेली खाट. घुंगुरमाळा मुद्दाम काढून ठेवल्या होत्या, त्यामुळं गाड्या मुक्या वाटत होत्या. धूळ खाली बसल्यावर बघितलं तर सगळ्या दारांना कुलपं, आणि एका दाराला कुलूप नव्हतं म्हणून सुंभ गुंडाळलेला.

सप्ताह आला तेव्हा ही आठवी आळी आम्हाला बोचली. सप्ताहात सात दिवस, सात रात्री वीणा गळ्यात घेऊन कुणीतरी उभं असतं. वीणा खाली टेकायची नाही, तार गप्प होऊ द्यायची नाही. आठ आळ्या होत्या तोवर सगळं सोपं होतं. चोवीस तास, आठ आळ्या, प्रत्येकीला तीन तासांचा पहारा. आता उरल्या सात.

देवळाची व्यवस्था दगडूतात्यांकडं होती. म्हातारे, आवाज घोगरा, शब्द मोजके. ते म्हणाले, की ज्याला जमंल त्यानं जरा जादा उभं राहायचं, त्यात काय एवढं? पण दिवसभर दगड फोडून आलेल्या माणसाला जादा म्हणजे काय हे सगळ्यांना कळत होतं. कुणी कुणाकडं बघेना. आणि तेवढ्यात मी, गावाचा हिशेबी, मांडी ठोकून पुढं सरकलो. म्हणालो, तात्या, मी असा भाग करून देतो की कुणाला रेघभर जादा नाही, रेघभर कमी नाही.

चोवीस भागिले सात. तीन पूर्णांक, पुढं बेचाळीस, पुढं पंच्याऐंशी, पुढं एकाहत्तर, आणि वरात पुन्हा सुरू. मला सर आठवले आणि ऊर भरून आला. पण विणेकऱ्याला पाऊण मिनिटाचा तुकडा कसा सांगणार? मी बेचाळीसपाशी कापलं आणि त्याची मिनिटं केली. तीन तास पंचवीस मिनिटं. राहिलेलं शेपूट फेकून दिलं. एकेका पहाऱ्याला पाऊण मिनिटसुद्धा नाही, तंबाखू मळायला जास्त वेळ लागतो. मग दुपारी बाराला वीणा उचलली जाते तिथपासून एकेक पहारा पुढं पुढं लावत गेलो. एकोणपन्नास पहारे, रोज आळ्यांचा क्रम एकानं सरकवलेला. रात्रीचं जागरण कुणा एकाच आळीच्या वाट्याला येणार नाही, अशी खुबी. तात्यांनी विचारलं, बरोबर हाय न्हवं? मी म्हणालो, तात्या, गणित आहे हे.

दुसरी गोष्ट पाण्याची. वीणा गळ्यात घ्यायची तर त्या सकाळी आंघोळ झालेली हवी, धुतलेलं धोतर हवं. त्या साली आंघोळ ही लग्नासारखी गोष्ट झाली होती, ठरवून करायची. म्हणून तात्यांनी देवळामागं एक रांजण ठेवला आणि माझ्या यादीत नाव असलेल्याला त्यातून एक कळशी द्यायची असं ठरवलं. यादीतल्या नावांपुरतंच पाणी. बाकीच्यांनी हातपाय पुसून कीर्तन ऐकावं.

आता सोपान. माझ्याच वयाचा, सातव्या आळीचा. शाळा त्यानं माझ्या आधी सोडली, कारण शाळेनं त्याला आधीच सोडलं होतं. हसला की सगळं तोंड हसायचं. नगरच्या लष्करी छावणीतल्या एका कारखान्यातून त्याला नोकरीसाठी बोलावणं आलं होतं. दिवस नेमका सप्ताहाच्या शेवटचा, दुपारी दोनच्या आत हजर व्हायचं. त्याचा बाप तलावावर, आईही तलावावर. ते बोलावणं त्याच्या आईनं देव्हाऱ्यात ठेवलं होतं आणि उदबत्तीचा निखारा पडेल म्हणून दिवसातून दहादा जाऊन बघायची.

शेवटचा पहारा सातव्या आळीचा, सकाळी आठपासून. आळीतले बाकीचे गडी त्या दिवशी कामावर हजेरीला जाणार होते, नाहीतर आठवड्याचं धान्य बुडत होतं. सोपान मला विचारायला आला. पावणेबाराची एस.टी. फाट्यावर मिळंल का? मी यादीवर बोट ठेवलं. आठ आणि तीन पंचवीस, अकरा पंचवीस. तू मोकळा. आरामात चालत जा, वाटेत करवंदाच्या जाळीत सावलीला बसलास तरी चालेल. तो निर्धास्त झाला. मीही निर्धास्तच होतो. अकरा पंचवीसनंतर बारापर्यंत कोण, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरलाच नाही. एकोणपन्नास पहारे वाटून झाले म्हणजे सात दिवस वाटून झाले, असं मी धरून चाललो होतो. कागदावर तसं दिसत होतं.

त्या सकाळचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. काल्याचं कीर्तन रंगात आलेलं. मंडप भरलेला, माणसांचे चेहरे न धुतलेल्या भांड्यांसारखे, पण डोळे चमकत होते. महाराज पुढं उभे, आणि त्यांच्या मागं, सगळ्या गावाच्या समोर, वीणा घेतलेला सोपान. धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का. त्याच्या शेजारी टाळ घेऊन, यादीत नाव नसलेले, आळीतले एक आंधळे आजोबा, बाकी कुणी नाही. मी खांबाला टेकून माझ्या यादीचं कौतुक करत बसलो होतो.

मग सोपाननं माझ्याकडं बघितलं.

आधी नुसतंच बघितलं. मग भुवई वर केली. मग तार छेडता छेडताच मान जराशी दाराकडं वळवली. मी दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. पुढच्या पहाऱ्याचा माणूस दारात का नाही, म्हणून मी वैतागलो, आणि त्याच क्षणी कळलं की पुढचा पहाराच नाही. खिशातली यादी काढली. शेवटची ओळ सोपानची. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकराला थोडं कमी.

फेकून दिलेली शेपटं परत आली होती. एकोणपन्नास पहाऱ्यांची, एकोणपन्नास शेपटं, सगळी मिळून पस्तीस मिनिटं. मला ती अक्षरशः दिसली, मंडपात रांग धरून उभी, आणि त्यांच्यासाठी ना माणूस, ना पाणी.

पहाटे पहारा दिलेले गडी तर वीणा सोडताच तलावावर गेलेले. मी वाकून शेजारच्याला विचारलं, वीणा घेशील का जरा? तो म्हणाला, आंगुळ न्हाई. पुढच्याला विचारलं. आंगुळ न्हाई. मागच्याला. तेच. कुणी कुरकुर करून म्हणत नव्हतं, खाली मान घालून म्हणत होतं. देवळामागं धावलो. रांजणात हात घातला तर तळाशी गाळ. दगडूतात्या समोर आले. मी धापा टाकत सांगितलं. त्यांनी एकदा आत सोपानकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाले, "तुज्या घरी हाय का पानी?"

होतं. आईनं पहाटे दोन मैलांवरच्या विहिरीवरून आणलेला एक हंडा. ओसरीत, फडक्यानं झाकून, त्यावर पालथा तांब्या.

घरापर्यंत कसा गेलो आठवत नाही. हंडा उचलला, अंगणात आणला, आणि डोळे मिटून सगळाच्या सगळा डोक्यावर ओतला. आयुष्यात इतकी गार आणि इतकी घाबरलेली आंघोळ मी केली नाही. डोळे उघडले तर कोंबड्या धावत येऊन माझ्या पायाखालच्या चिखलात चोची बुडवत होत्या, आणि चुलीपुढून उठून आलेली आई दारात. तिच्या दोन्ही हातांना मिलोचं कोरडं पीठ. ती ओल्या मातीकडं बघत राहिली. मातीचा वास उठला होता, भरगच्च. मग हलकेच म्हणाली, "आता पीठ कशात मळू?"

मी बापाचं धुतलेलं धोतर गुंडाळत पळालो.

सोपानच्या पाया पडलो, तो माझ्या. वीणेचा पट्टा त्याच्या मानेवरून माझ्या मानेवर आला, तार मध्ये कुठं गप्प झाली नाही. त्याचे हात थंडगार होते. मंडपात चालत गेला तो, देवासमोर पळायचं नसतं म्हणून. उंबरा ओलांडल्यावर त्याची पावलं मला ऐकू आली, धाड धाड धाड, आणि मग ती टाळांत बुडाली.

आणि मी त्या पस्तीस मिनिटांत उभा राहिलो. जेवढी उरली होती तेवढ्यात. केसांतून पाणी ठिबकतंय, धोतर सुटेल की काय अशी भीती, वीणा धरायची कशी हेही नीट ठाऊक नाही. महाराज काय सांगत होते, एक अक्षर ऐकलं नाही. कान फाट्याकडं. मग आला. एस.टी.चा हॉर्न. लांब, एकदा. थांबण्याचा होता की निघण्याचा? सोपानला बघून वाजवला, की सोपान दिसलाच नाही म्हणून? मला वळून बघता येत नव्हतं. बघून दिसणारही नव्हतं काही, मध्ये सगळं गाव होतं. मी तार छेडत होतो आणि एकच गोष्ट मनात फिरत होती: हॉर्न, पावलं, हॉर्न, पावलं. बारा वाजले, हंडी फुटली, ताकात कालवलेल्या लाह्या माझ्या ओल्या खांद्यावर पडल्या. लोकांनी वीणेला हात लावून नमस्कार केला.

दिवस कलताना सोपान परत आला. फाट्यावरून चालत. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं तांबडं. मी देवळाच्या पायरीवरच होतो. तो शेजारी बसला. गाडी गेली होती. एक ट्रक मिळाला, तोही चास सोडल्यावर बंद पडला. छावणीच्या फाटकावर पोचला तेव्हा साहेब उठून गेले होते. पुढच्या भरतीला या, म्हणाले. पुढची कधी, ते फाटकावरच्या माणसालाही माहीत नव्हतं. हे सगळं त्यानं एकाच दमात सांगून टाकलं, ओझं उतरवल्यासारखं. मग विचारलं,

"वीना खाली न्हाई ना टेकवली?"

"नाही."

"कुनी धरली?"

"मी."

"तुला याती व्हय?" असं म्हणून तो हसला. सगळ्या तोंडानं नाही, अर्ध्या.

मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. मग तो म्हणाला, "दाव तरी मला. ती पस्तीस मिंटं आली कुठनं?"

मी खाली बसून धुळीत बोटानं भागाकार मांडला. सात त्रिक एकवीस, उरले तीन. तिसातून अठ्ठावीस, उरले दोन. तो उकिडवा बसून बघत होता, शाळेत कधी बघितलं नाही इतकं लक्ष देऊन. दोन, सहा, चार, पाच, एक. मग पुन्हा तीन.

"म्हंजी फिरून तितंच?"

"तिथंच."

"कदीच सुटायचं न्हाई?"

"नाही. सातानं नाही."

"आन् आठानं?"

"आठानं लगेच सुटतं."

त्यानं त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग तळहातानं धूळ सपाट केली आणि उठला. "मंग आठवी आळी आनली पायजे," म्हणाला. "मी जातो त्यान्ला आनाया."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तिसऱ्या दिवशी तो खरंच निघाला. या खेपेला मी त्याला उजाडायच्या आत फाट्यावर नेऊन उभा केला. गाडीला इतका अवकाश होता की दोघांकडचंही बोलणं संपलं. त्याची आई तलावावर जाता जाता वाट वाकडी करून आली, त्याच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी दिली आणि मला म्हणाली, "यील न्हवं रं ह्यो?" मी म्हणालो, येईल की, आठ दिवसांत. हिशेबी माणसाचा शब्द.

तो आला नाही. आठवी आळीही आली नाही. तिकडून गावी येणाऱ्या कुणाबरोबर तरी निरोप आला, की यंदा उसाची लागण आहे, पुढच्या वर्षी सगळ्यांना घेऊन येतो. पाऊस पडला, साल बदललं, त्याची आई तिकडं गेली, बापही गेला. सप्ताह आला की निरोप यायचा. यंदा लग्न आहे, पुढच्या वर्षी येतो. यंदा विहीर काढलीय, पुढच्या वर्षी येतो. पत्रं बंद होऊन फोन आले, निरोप तोच. मी दोनदा पुणतांब्याला जाऊन आलो. नदीकाठचा गार वारा, पाचटाचा वास, त्याच्या घरी तीन भिंतींना तीन रंग. मला ओसरीत बसवून तो नातवंडांना सांगायचा, "ह्यो आमचा पस्तीशा." हे नाव मला गावानं दिलंय. गणितात एवढे मार्क मिळवून जन्मभर पस्तीसवर अडकलेला दुसरा मास्तर जिल्ह्यात नसेल. हो, पुढं मी गणिताचाच मास्तर झालो. गावानं मला सोडलं आणि शिक्षा पोरांना झाली.

त्या सप्ताहाच्या पुढच्याच वर्षी मी यादी दुरुस्त करून नेली होती. वरची मिनिटं नीट वाटून, शेवटी काही उरणार नाही अशी. दगडूतात्यांनी ती घेतलीच नाही. म्हणाले, तीन पंचवीसच ऱ्हाऊ दे. शेवटची पस्तीस मिंटं सोपानची. त्यो येस्तवर तू उभा ऱ्हा. तात्या गेले, पण तेव्हापासून मी उभा राहतोय. बदली माणूस. सकाळी आंघोळ करतो, नळाला पाणी असतं, तरी ओतताना घाई होते. वीणा गळ्यात आली की अजून कान फाट्याकडं जातात. आता हायवे झालाय, हॉर्न सतत वाजतात, त्यातला एकही कळत नाही.

यंदाचा फोन परवा आला. सोपाननं नव्हे, त्याच्या मुलानं केला होता. "काका, आबा म्हणतात, आता मला हिशेबात धरू नका."

मी विचारलं, बरे आहेत ना? तर म्हणाला, आहेत, पण उठवत नाही.

यंदाची यादी करायला बसलेली पायरीवरची पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. त्यातला चुणचुणीत एकजण म्हणाला, की आजोबा, सातातल्या पाच पहाऱ्यांना पंचवीसच्या जागी सव्वीस मिनिटं धरू. मग शेवटी काही उरतच नाही, तुम्हालाही त्रास नको.

बरोबर होतं त्याचं. मी अजून शिक्षक असतो तर पैकीच्या पैकी दिले असते.

"पंचवीसच धर," मी म्हणालो.

"मग पस्तीस मिनिटं उरतात की."

"उरू देत. तिथं सोपानचं नाव लिही."

"ते येणार आहेत?"

"नाही."

पोरानं एकदा बाकीच्यांकडं बघितलं. मग लिहायला घेतलं आणि पुढच्या रकान्यापाशी थांबलं. "आळी कितवी लिहू?"

"आठवी."

गावात आठवी आळी नाही, हे त्याला जन्मापासून माहीत होतं. ओढ्याच्या बाजूला नुसती बाभळ आहे आणि तिथं ही पोरं क्रिकेट खेळतात. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि लिहिलं.